आरव्हीतलं आर्तध्यान

आर्तध्यानाचे चार प्रकार मला घड्याळ वाचता यायच्या आधी पाठ होते. जयसिंगपूरच्या जैन पाठशाळेत रविवारी सकाळी गुरुजी ते सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेत: इष्टवियोग, अनिष्टसंयोग, वेदना, निदान. आवडतं ते गेलं, नावडतं ते आलं, अंग दुखलं, पुढे अमुक मिळावं असं वाटलं. या चारांपैकी एकात मन घोळत राहिलं की झालं आर्तध्यान. त्याला आसन लागत नाही, माळ लागत नाही, गुरूही लागत नाही. गुरुजी म्हणायचे, एकाग्रता शिकायला मुनींकडे कशाला जाता, ज्याचा बैल हरवलाय त्याच्याकडे बघा.

आमचा बैल म्हणजे एक जुनी चोवीस फुटी आरव्ही, चाकांवरचं घरच. निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी हौसेनं घेतली. पोर्टलंडजवळच्या घरातून निघायचं, डोंगर ओलांडून १०१ नंबरच्या हमरस्त्याला लागायचं आणि ऑरेगनच्या किनाऱ्यावर कुठल्यातरी सरकारी कॅम्पग्राउंडात मुक्काम ठोकायचा, असा आमचा उन्हाळा जातो. आणि तिथे, न्यूपोर्टच्या दक्षिणेला झाडांमध्ये गाडी उभी असताना, मध्यरात्री मी जागी राहून जे करते ते तंतोतंत अनिष्टसंयोगात बसतं. नळ सगळे बंद असतात. तरीही पाण्याचा पंप थोड्या थोड्या वेळानं दोन सेकंद घुर्र करतो आणि थांबतो.

आरव्ही बाळगणाऱ्याला या आवाजाचा अर्थ ठाऊक असतो. नळीतला दाब कुठेतरी उतरतोय. एक तर कुठल्याशा जोडातून पाणी झिरपतंय, नाहीतर पाणी उलटं जाऊ नये म्हणून पंपात बसवलेली झडप झिजलीय आणि पाणी गुपचूप टाकीत परत जातंय. दुसरं असेल तर काहीच बिघडत नाही. पहिलं असेल तर जमिनीच्या फळीखाली ओल धरते, फळी मऊ पडते, आणि मग ती गाडी दुरुस्त करण्यापेक्षा फुकट देणं स्वस्त. आमचे हे टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जोडाला कागद टेकवून बघतात. कागद कोरडा निघतो. पंप पुन्हा वाजतो. आस्रव, म्हणजे आत्म्यात कर्म कसं झिरपतं ते, शिकवताना शास्त्रकार भोक पडलेल्या नावेचा दृष्टान्त देतात, पण त्या नावेतल्या माणसाला निदान भोक कुठे आहे ते दिसत होतं.

पंप एकटा नाही. छतावरच्या झरोक्यांभोवतीचं सीलंट उन्हानं तडकतं आणि ऑरेगनचा पाऊस तो तडा बरोबर शोधून काढतो. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण बाजूवर कोरलेले चार आकडे, म्हणजे कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली टायर तयार झाला ते, सांगतात की रबर म्हातारं झालंय. संडासाच्या टाकीचा दर्शक ती रिकामी करून दोनदा धुतली तरी दोन-तृतीयांश भरलेली दाखवतो, कारण आतल्या खिळ्यांना कागदाचा लगदा चिकटलेला असतो. त्या दर्शकावर विश्वास ठेवणारा आरव्हीवाला मला अजून भेटलेला नाही. गॅस हुंगणारं यंत्र आयुष्य संपलं की मिनिटामिनिटाला टिवटिवतं, आणि गॅस गळतोय की यंत्र मरतंय हे कळायला त्याचं माहितीपत्रक शोधावं लागतं. यातलं काहीही जीवघेणं नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो हसून म्हणतो, सीझन संपल्यावर या. आणि तरी रात्रीचे दोन वाजलेले असतात.

सकाळी वाळूवर फिरायला गेलं की भरतीनं मागे सोडलेल्या रेघेवर मर्र पडलेले दिसतात. कॉमन मर्र हा या किनाऱ्याचा पक्षी. पाठ काळी-तपकिरी, पोट पांढरं, उभा राहिला की छोट्या पेंग्विनसारखा, वजन किलोभर. न्यूपोर्टच्या उत्तरेला याक्विना हेडवर १८७३ सालचं, त्र्याण्णव फूट उंचीचं दीपगृह आहे. त्याच्यासमोरच्या खडकांवर उन्हाळ्यात हजारो मर्र अंगाला अंग लावून उभे असतात. घरटं असं नाहीच. उघड्या खडकावर एकच अंडं. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून खाली समुद्रात उडी टाकतं. खाली बाप पाण्यात हाका मारत असतो. आवाजावरून दोघं एकमेकांना ओळखतात आणि पुढचा महिना-दोन महिने तो बाप त्या पिल्लाला पोहत पोहत मासे भरवतो. आई बरोबर नसते. लाटा-धुक्यात ही जोडी तुटली की पिल्लू गेलंच. म्हणून ऑगस्टमध्ये काही मेलेली पिल्लं वाळूवर येणं ही इथली रीत आहे, त्यात आक्रीत काही नाही.

आक्रीत घडलं ते २०१४ ते २०१६ च्या दरम्यान. ईशान्य प्रशांत महासागरात कोमट पाण्याचा एक प्रचंड पट्टा साचून राहिला. वॉशिंग्टन राज्याचे तेव्हाचे हवामानतज्ज्ञ निक बॉन्ड यांनी त्याला ‘ब्लॉब’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. गरम पाण्यात छोट्या माशांचं पोषण घटलं, आणि त्याच पाण्यात कॉडसारख्या मोठ्या माशांची भूक वाढली, कारण थंड रक्ताच्या प्राण्याचं शरीर पाण्याबरोबर तापतं आणि जास्त मागतं. मर्रला रोज आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत मासे लागतात. तीन ते पाच दिवस पोट रिकामं राहिलं की तो मरतो. पिशवीत काही बांधून न ठेवणारा हा अपरिग्रही पक्षी, आणि त्याच्या अपरिग्रहाची किंमत ही. २०१५ च्या उन्हाळ्यापासून २०१६ च्या वसंतापर्यंत कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर सुमारे ६२ हजार मेलेले किंवा मरायला टेकलेले मर्र सापडले, बहुतेक अलास्कात. किनाऱ्याला न लागता समुद्रातच गेलेले धरले तर संख्या पाच लाखांपासून बारा लाखांपर्यंत असावी, असा अंदाज २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. मग अलास्काच्या वसाहतींच्या वर्षानुवर्षांच्या मोजणीतून २०२४ साली कळलं की तोही अंदाज तोकडा होता. चाळीस लाख गेले होते. अलास्कातल्या एकूण मर्रपैकी जवळजवळ निम्मे.

चाळीस लाखांचा आकडा वाचला त्या रात्री मला शांत झोप लागली. पंपानं मात्र कित्येक रात्री घालवल्या आहेत.

ॲडम स्मिथ अर्थशास्त्राचा म्हणून आपल्याला माहीत असतो, पण त्याआधी, १७५९ मध्ये, त्यानं नैतिक भावनांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं मांडलेला प्रसंग नेमका माझ्यावर बेतल्यासारखा आहे. समजा भूकंपात सगळा चीन गडप झाला. युरोपातला एखादा सज्जन हळहळेल, मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेवर चार वाक्यं बोलेल आणि रात्री घोरत झोपेल. पण उद्या तुझी करंगळी कापणार आहेत असं त्याला सांगितलं तर रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही. स्मिथ एवढ्यावर थांबत नाही. तो पुढे विचारतो, मग करंगळी वाचवण्यासाठी हा माणूस चीन बुडू देईल का? नाही देणार. आपल्या आत बसलेला एक तटस्थ साक्षीदार त्याला तसं करू देत नाही. भावना लहान असली तरी न्यायबुद्धी मोठी असते, हे स्मिथचं सांगणं.

मला स्मिथ आवडतो, पण इथे तो फार लवकर निश्चिंत होतो. त्याच्या माणसापुढे निदान कुणीतरी सौदा मांडलेला आहे: करंगळी की चीन. माझ्यापुढे तो कुणी मांडत नाही. आमची आरव्ही लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाते. न्यूपोर्टला पेट्रोल पंपावर उभं राहून टाकी भरताना पडद्यावर फक्त डॉलर सरकत असतात. त्या टाकीतला किती भाग समुद्राच्या तापण्याला लागला आणि त्यातला किती एखाद्या मर्रच्या उपाशी पोटाला, याचा हिशेब केला तर उत्तर शून्यापुढे इतक्या शून्यांनंतर येईल की कुठलाही न्यायाधीश मला सोडून देईल. आतला साक्षीदारसुद्धा. त्याला साक्षीला बोलावतच नाहीत, तर तो बिचारा काय करणार?

आमच्या आचार्यांनी हा हिशेब वेगळ्या ठिकाणाहून सुरू केला. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थासाठी, अनर्थदंड-व्रत आहे: काही कारण नसताना होणारी हिंसा टाळणं. शेतकरी नांगरतो, गृहिणी चूल पेटवते, त्यात जीव मरतात. पण त्याला कारण आहे, पोट आहे. अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं, हे त्यात येतं. आणि त्याच यादीत, त्याच दमात, विनाकारण हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणं हेही येतं. मोटार निघायच्या कितीतरी शतकं आधी हे लिहून ठेवलंय. तिथे वाटा किती, हा प्रश्नच नाही. तुझ्यामुळे एक जीव गेला की चाळीस लाख, हे नंतर. आधी सांग, निघाली होतीस कशाला?

याच्या शेजारचं व्रत दिग्व्रत. दहा दिशांना आपली सीमा ठरवायची आणि आयुष्यभर ती ओलांडायची नाही. कारण मोठं व्यवहारी आहे: जिथे तू जाणारच नाहीस तिथल्या जीवांना तुझ्याकडून अभय. आमच्या आज्जीचं दिग्व्रत होतं. पूर्वेला सम्मेदशिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. ती प्रत्यक्षात कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरापलीकडे क्वचितच गेली, त्यामुळे आम्ही पोरं तिला चिडवायचो की आज्जी, तू न गेलेल्या गावांचा त्याग केलास. ती म्हणायची, “मग? गेलेल्या गावाचा त्याग कसा करणार?”

इथे एक सोपं उत्तर हाताशी येतं, आणि मला ते मान्य नाही. ते असं: पंपाची काळजी क्षुद्र, पक्ष्यांचं दुःख थोर, तेव्हा मन मोठं कर आणि पक्ष्यांसाठी रड. मी किनाऱ्यावर माणसं पाहिली आहेत. पतंग उडवायला आलेलं कुटुंब मर्रच्या कलेवरापाशी थबकतं, आई मुलाचा हात ओढते, बाप म्हणतो इथे नको, तिकडे बसू. त्या हळहळीतली बरीचशी सहल बिघडल्याची असते. नावडतं समोर आलं. म्हणजे अनिष्टसंयोगच की! माझ्या पंपाच्या शेजारच्या खणातला. आणि जी बाई खरोखर रडते तिला तो किनारा लहानपणापासून आपला वाटत असतो. तो तिचा इष्टवियोग. ‘माझं’ हा शब्द पुसला तर दोन्ही दुःखं उरत नाहीत. पंपाची काळजी मोठी का, तर पंप माझा. तो मर्र बापसुद्धा हजारो पिल्लांच्या कालव्यात एकच हाक ऐकतो. त्याला मी नावं ठेवत नाही. त्याच्या ममत्वावर त्याची जात टिकली आहे. पण दुःखाचा फुगा ताणून तो चाळीस लाखांवर पांघरता येईल, असं मानणं मला खोटं वाटतं. कुणालाही ते जमत नाही. ज्यांना जमतं असं वाटतं, ते बहुधा स्वतःच्या हळवेपणाकडे बघत असतात.

मग त्या पक्ष्यांकडे बघायचं तरी कसं?

ते मला एका वयस्क जोडप्यानं दाखवलं, अर्थात त्यांच्या ध्यानीमनी नसताना. वाळूत गुडघे टेकून दोघं एका मर्रशी काहीतरी करत होती. हातमोजे घातलेला नवरा मापं घेत होता: चोच, पंख, पायाची नळी. बायको लिहून घेत होती. मग पाटीवर तारीख टाकून फोटो, पक्ष्याला रंगीत केबल टाय, आणि पक्षी जिथे होता तिथेच परत ठेवला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्युलिया पॅरिश यांनी उभ्या केलेल्या ‘कोस्ट’ या उपक्रमाचे ते स्वयंसेवक होते. दर महिन्याला आपापला ठरलेला किनारा चालायचा, मेलेला प्रत्येक पक्षी ओळखायचा, मोजायचा, खूण करून सोडून द्यायचा. खूण अशासाठी की पुढच्या महिन्यात तोच पक्षी दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये, आणि कलेवर किती दिवस टिकतं तेही कळावं. पक्षी कुजला, डोकं गेलं, तरी पायावरून त्याचं कूळ सांगता येतं. मी विचारलं, वाईट नाही वाटत? बाईनं वही बघितली आणि म्हणाली, “आज सात. गेल्या वर्षी याच महिन्यात अकरा होते.”

सुरुवातीला मला ते कोरडं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की माझी सगळी नोकरी याच कोरडेपणात गेली. चिपच्या कारखान्यात हवेतले धुळीचे कण मोजायचं काम होतं माझं. तिथे पहिला धडा हा, की नेहमीचं किती असतं हे माहीत नसेल तर आक्रीत ओळखताच येत नाही. सात म्हणजे बरं की वाईट, हे अकरा माहीत असणारालाच कळतं. ६२ हजार हा आकडा असाच, कुणाचंही लक्ष जात नाही अशा साध्या महिन्यांत माणसं किनारे चालत होती म्हणून मिळाला.

आर्त आणि रौद्र ही दोन ध्यानं टाकायची आणि धर्म्यध्यानाकडे जायचं, हे पाठशाळेत पुढच्या इयत्तेत यायचं. त्याचेही चार प्रकार, आणि त्यातल्या अपायविचयाचा अर्थ मला तेव्हा कधीच लागला नव्हता. जीव कसे अपायात पडतात आणि त्यातून सुटतील कसे, याचा विचार करत राहणं. गुरुजी सांगायचे पण आम्हाला वाटायचं, हे तर दुसऱ्याच्या दुःखाचं आर्तध्यानच झालं. फरक काय? तो फरक मला त्या वहीत दिसला. त्या बाईच्या एकाग्रतेत काही कमी नव्हतं. मी पंपाकडे जितका कान लावते, तितकाच तिचा डोळा त्या पायाच्या नळीवर लागला होता. फक्त पक्षी तिचा नव्हता, ती त्याच्याकडून काही मागत नव्हती, आणि तो गेल्यानं तिचं काही गेलंही नव्हतं. घरच्या चिंतेनं शिकवलेली एकाग्रता तिनं जिथे ‘माझं’ नाही तिथे नेऊन बसवली होती. मन मोठं वगैरे केलं नव्हतं, जागा बदलली होती.

हे मी अण्णाला फोनवर सांगितलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, जयसिंगपूरला रोज सकाळी मंदिरात स्वाध्याय घेतो. त्याला अजिबात पटलं नाही.

“मोजून एकतरी जीव वाचला का?” तो म्हणाला. “आणि कलेवराला हात लावायचा म्हणजे त्यात उपजलेल्या असंख्य जीवांचं काय? आज्जीनं तुला अंगणात अंघोळ घातली असती.”

तिनं घातली असती, यात शंका नाही. मेलेल्या मांसातही जीव उपजत राहतात, हे अमृतचंद्राचार्यांपासून सगळ्यांनी सांगितलंय. मी म्हटलं, म्हणूनच ते पक्षी उचलून नेत नाहीत, जाळत नाहीत, होते तिथेच ठेवतात. यावर तो जरा थांबला. मग त्याच्या स्वभावाप्रमाणे बरोबर दुखऱ्या जागी आला.

“बरं, ते मोजायला तू जाणार कशातून?”

मी गप्प.

“चातुर्मास कधी असतो, आठवतंय ना?”

आठवत होतं. आषाढ ते कार्तिक. मुनी एका जागी थांबतात, कारण त्या दिवसांत जमिनीवर जीव फार, चाललं की मरतात. ऑरेगनच्या किनाऱ्याचा पर्यटनाचा हंगामही बराचसा त्याच काळातला. मुनी थांबतात तेव्हा आम्ही निघतो. अण्णा म्हणाला, आयुष्यभराचं दिग्व्रत तुला झेपायचं नाही, देशव्रत घे. ठरावीक काळापुरती ठरावीक हद्द. त्या हद्दीत हवं ते मोजत बस.

फोन ठेवून मी नकाशा उघडला. उत्तरेला कोलंबिया नदीच्या मुखाशी अस्टोरिया, दक्षिणेला कॅलिफोर्नियाच्या वेशीवरचं ब्रुकिंग्ज. एवढी हद्द मला उदार वाटली. आमच्या ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे रेडवुड नाही? ब्रुकिंग्जच्या खाली तर लगेच आहेत.” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “मग हद्द उत्तरेला कमी कर, दक्षिणेला थोडी वाढव.” मी म्हटलं, व्रतात घासाघीस चालत नाही. ते म्हणाले, आज्जींनी श्रवणबेळगोळ आत धरलं होतं ते काय घासाघीस केल्याशिवाय? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णाला विचारायचं ठरलं आहे. जयसिंगपूरला रविवार सकाळ उजाडली की फोन करेन.